फोंतेन्हासला राहायचंय? आधी खोली ठरवा

पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत दोन-तीन रात्री काढायच्या ठरल्या की सगळे एकच विचारतात, "तिथलं चांगलं हॉटेल कोणतं?" त्याऐवजी चांगली खोली कोणती ते विचारावं. इथली छोटी हॉटेलं म्हणजे जुनी राहती घरं. सहा, आठ, फार तर पंधरा खोल्या. एक खोली मूळची दिवाणखाना, दुसरी धान्याची कोठी, तिसरी गच्चीला किंवा पडवीला भिंती घालून काढलेली. भाडं पुष्कळदा जवळपास सारखं असतं, पण एकीत झोप शांत लागते आणि दुसरीत रात्रभर वरच्या माणसाची पावलं मोजावी लागतात. साइटवरच्या फोटोंत मात्र सगळ्या खोल्यांत तोच चौखांबी पलंग, तीच पांढरी मच्छरदाणी आणि तीच निळी खिडकी.

म्हणून आधी वाड्याची, म्हणजे या वस्तीची, रचना लक्षात घ्या. पूर्वेला ओरेंची खाडी, पश्चिमेला आल्तिनोची टेकडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत दक्षिणोत्तर जाणाऱ्या गल्ल्या. पूर्वी ही नारळाची बाग होती. मोझांबिकमध्ये पैसा मिळवून आलेल्या आंतोनियो जुआंव द सिकेराने (लोक त्याला 'मोसमीकर' म्हणत) अठराव्या शतकात ती लावली. पुढे १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली आणि बागेच्या जागी दाटीने घरं उभी राहिली. फोंतेन्हास या नावाचा अर्थ छोटे झरे. टेकडीच्या पायथ्याशी फोंत फेनिक्सचा झरा आहे, त्यावरून हे नाव पडलं. ही नुसती ऐकीव गंमत समजू नका. टेकडीत मुरलेलं पाणी पायथ्याशी बाहेर पडतं, ही गोष्ट तुमच्या खोलीच्या मागच्या भिंतीलाही लागू आहे.

खाडीच्या बाजूच्या खोल्यांना उजेड भरपूर आणि संध्याकाळी वारा चांगला. पण समोरचा रुआ दे ओरें हा वाहता रस्ता आहे, दुचाकींचा आवाज रात्री उशिरापर्यंत येतो. खाडी भरती-ओहोटीची असल्यामुळे दिवसातून दोनदा चिखल उघडा पडतो आणि त्याचा वास येतो. एप्रिल-मेमध्ये तो जास्त जाणवतो. डासही याच बाजूला जास्त. इथे खोली घ्यायची तर वरच्या मजल्यावरची घ्या आणि खिडकीला जाळी आहे का ते आधी विचारा. पलंगावर मच्छरदाणी आहे एवढ्यावर समाधान मानू नका. बऱ्याच ठिकाणी ती शोभेपुरती असते, गादीखाली खोचण्याइतकी लांब नसते.

मधल्या गल्ल्या, म्हणजे ३१ जानेवारी रस्ता आणि त्याच्या आजूबाजूच्या, फिरायला सगळ्यात सोयीच्या. पण सकाळी नऊपासून सूर्यास्तापर्यंत इथे फोटो काढणाऱ्यांची रीघ असते. तळमजल्यावरच्या खोलीची खिडकी थेट रस्त्यावर उघडते आणि जाणाऱ्याची मान बरोबर खिडकीच्या उंचीवर येते. त्यामुळे दिवसभर पडदा लावून बसावं लागतं. पहिल्या मजल्यावरच्या सज्जाच्या खोल्या देखण्या आहेत, त्यांचं भाडंही जास्त असतं. पण सकाळचा चहा सज्जात घ्यायचा बेत असेल तर तो साडेआठच्या आत उरका. त्यानंतर तुम्ही दुसऱ्यांच्या फोटोत असता.

टेकडीच्या कुशीतल्या गल्ल्या सगळ्यात शांत. दुपारी तीननंतर ऊन टेकडीआड जाऊ लागतं, त्यामुळे उन्हाळ्यात या खोल्या गार राहतात. पावसाळ्यात मात्र त्यांची मागची भिंत ओल धरते आणि ती ओल ऑक्टोबर संपेपर्यंत हटत नाही.

आणखी एक भेद आहे. ख्रिस्ती घरांचं तोंड रस्त्याकडे: सज्जे, मोठ्या खिडक्या, दारातले बसायचे कट्टे. हिंदू घरांचं तोंड आत, मधल्या अंगणाकडे. ३१ जानेवारी रस्त्यावरचं पांजिम पोसादा हे हॉटेल मूळचं असं अंगणाचं घर. अंगणाकडच्या खोलीत रस्त्याचा आवाज येत नाही, पण न्याहारी अंगणातच मांडली जात असेल तर सकाळी साडेसातपासून बश्या-चमच्यांचा आवाज आणि स्वयंपाकघरातला फोडणीचा वास खोलीत येतो. ज्यांना उशिरापर्यंत झोपायचं असतं त्यांनी अंगणापेक्षा वरची, कोपऱ्यातली खोली मागावी.

आता भिंती. ही घरं जांभ्याच्या चिऱ्यांची, भिंती दीड ते दोन फूट जाड, वर चुन्याचा गिलावा. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी शोषून वर चढवतो. चुना ते पाणी हवेत सोडून देतो, म्हणून जुनी भिंत ओली होते आणि सुकतेही. दुरुस्तीत कुणी चुना खरवडून सिमेंटचा गिलावा केला आणि वर प्लास्टिक रंग दिला की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. मग जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात, पांढरी खारट पूड जमते. खोलीत शिरल्याबरोबर कुबट वास आला तर आधी पलंगामागची आणि कपाटामागची भिंत तळाशी पाहा. कपाट भिंतीला टेकवून ठेवलं असेल तर हवा खेळत नाही आणि बुरशी हमखास त्याच्या मागे असते. कर्मचाऱ्याला सांगून ते चार बोटं पुढे ओढून घ्या, एका रात्रीत फरक जाणवतो. पावसाळ्यात कपडे कपाटात टांगू नका, बॅगेतच राहू द्या. चामड्याचे बूट आणि पट्टे प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, तिसऱ्या दिवशी हिरवे होतात. वर्तमानपत्रात गुंडाळा.

एसी लावून ओलावा जाईल असं वाटतं, आणि जातोही, पण दारं-खिडक्या घट्ट बसत असतील तरच. जुन्या खिडकीला बारीक चौकोनी शिंपल्यांची तावदानं असतात. काच महाग होती तेव्हा खाडीतल्या चपट्या शिंपल्या घासून, साधारण तीन इंचांचे चौकोन कापून लाकडी पट्ट्यांत सरकवत. सकाळी साडेसातच्या उन्हात अशा खिडकीकडे आतून पाहा: प्रत्येक चौकोनाचा रंग वेगळा दिसतो. एक दुधी, एक किंचित गुलाबी, एकावर नखाएवढी रेघ, आणि उजेड डोळ्याला न टोचता खोलीभर पसरलेला. एवढ्यासाठी ही खोली घ्यावी असं मला वाटतं. पण त्या पट्ट्यांतून हवा जाते-येते हेही खरं. चांगली हॉटेलं आतून काचेची दुसरी खिडकी बसवतात. ती नसेल तर पावसाळ्यात गादी दमट लागणारच आणि एसी रात्रभर गुरगुरत राहणार. आतल्या काचेमुळे रस्त्याचा आवाजही कमी होतो.

एसीबद्दल एक साधा हिशोब करून पाहा. १२ फूट बाय १४ फूट खोली, छत ९ फुटांवर, म्हणजे १५१२ घनफूट हवा. जुन्या घरात तीच खोली १३ फूट उंच असते: २१८४ घनफूट, जवळपास दीडपट. नव्या फ्लॅटमध्ये पुरणारा एक टनाचा एसी इथे दमतो. या मापाच्या खोलीला दीड टन तरी हवा. एक टनाचा असेल तर झोपायच्या तासभर आधी लावून ठेवा. खरं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत एसीची गरजच पडत नाही, चांगला पंखा पुरतो. पंखा मात्र लांब दांडीवर, जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर हवा. तेरा फुटांवर छताला चिकटलेला पंखा नुसता वर गरगरतो, खाली झुळूकही येत नाही. फोटोत ही दांडी दिसते, नीट पाहा.

कौलाखालच्या वरच्या खोल्यांचं वेगळं. मंगळुरी कौलं दिवसभर तापतात आणि ती उष्णता लाकडी छतातून रात्री नऊ-दहापर्यंत खाली उतरत राहते. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सातला अशा खोलीत पाय ठेववत नाही. सकाळी चादरीवर पिठासारखी पिवळसर पूड दिसली तर खोली झाडली नाही असं समजू नका. छताच्या किंवा पलंगाच्या लाकडात कीड लागली की अशी पूड पडते. ही कीड माणसाला चावत नाही, पण पूड हॉटेलवाल्याला जरूर दाखवा. त्याच्या तुळईचा प्रश्न असतो, आणि अशी पूड वेळेत कळली तर त्याला बरंच वाटतं.

झोप सगळ्यात जास्त मोडते ती आवाजाने, आणि हे खोली घेण्याआधी जवळपास कुणीच विचारत नाही. वरच्या मजल्याची जमीन फळ्यांची असते: तुळया, त्यावर आडव्या फळ्या, बस्स. दोन फुटांची चिऱ्याची भिंत शेजारच्या खोलीतलं बोलणं अडवते. वर अनवाणी चालणाऱ्याची धपधप मात्र फळीतून तुळईत आणि तुळईतून भिंतीत उतरते, ती अडत नाही. वर लहान मुलांचं कुटुंब असेल तर विचारूच नका. गालिचा घातला असला तर आवाज थोडा बोथट होतो, इतकंच. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी सगळ्यात वरचा मजला मागावा.

बोलणं ऐकू येण्याची दोन कारणं वेगळी. पहिलं म्हणजे जुन्या घरात खोल्या एकीतून दुसरीत उघडायच्या. हॉटेल करताना मधलं दार कुलूप लावून बंद केलं जातं आणि पुढे आरसा किंवा कपाट उभं केलं जातं. दोन फुटांच्या भिंतीत ते इंचभराचं लाकूड म्हणजे खिडकीच. दुसरं, कौलारू घरातल्या मधल्या भिंती पुष्कळदा छतापर्यंत जात नाहीत. वरची मोकळी जागा मागाहून प्लायवुडने बुजवलेली असते. तेव्हा फोनवर हे दोन प्रश्न विचारा: "शेजारच्या खोलीत उघडणारं दार आहे का?" आणि "भिंत वरपर्यंत पक्की आहे का?" पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर फक्त एवढं म्हणा की शक्य झाल्यास दुसरी द्या. घरचं माणूस फोनवर असेल तर ते लगेच समजतं.

ऋतू पाहून मी अशी निवड सुचवेन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वरचा मजला, सज्जाची किंवा कोपऱ्याची खोली. मार्च ते मे टेकडीकडची, कौल थेट डोक्यावर नसलेली. जून ते सप्टेंबर मधल्या गल्लीतली, पहिल्या मजल्यावरची, दोन बाजूंना खिडक्या असलेली. पावसाळ्यात तळमजला शक्यतो टाळा. पण गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर गणित बदलतं, कारण लिफ्ट नाही आणि लाकडी जिना उभा, अरुंद असतो. पायरी आठ-नऊ इंचांची, काही ठिकाणी कठडा एकाच बाजूला. अशा वेळी तळमजल्यावरचीच, पण रस्त्याकडे खिडकी नसलेली खोली घ्यावी. मोठी चाकाची बॅग या जिन्यावर चढवताना भिंतीचा रंगही जातो आणि पाठही. दोन छोट्या बॅगा आणा.

न्हाणीघर या घरांत मागाहून आलेलं आहे, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. जुनी जमीन फोडता येत नाही, म्हणून सांडपाण्याचे पाइप जमिनीच्या वरून टाकतात आणि त्यांवर फरशी चढवतात. त्यामुळे न्हाणीघराचा उंबरठा खोलीपेक्षा चार ते सहा इंच उंच असतो. रात्री उठल्यावर ठेच लागते, उतरताना तोल जातो. पहिल्याच संध्याकाळी ती पायरी पाहून ठेवा आणि तिथला एक दिवा चालू ठेवून झोपा. पाइपला उतार कमी मिळाल्यामुळे पाणी हळू जातं. मोठा शॉवर पूर्ण सोडलात तर दहा मिनिटांत घोटे बुडतात. बादली आणि तांब्या मागून घ्या, मिळतात.

उग्र वास आला तर बहुतेक वेळा कारण साधं असतं. मोरीच्या जाळीखाली वाकडा पाइप असतो, त्यात साचलेलं पाणी गटाराची हवा अडवून धरतं. खोली चार-पाच दिवस रिकामी राहिली की ते पाणी सुकतं आणि वाट मोकळी होते. जाळीत दोन तांबे पाणी ओता, दार लावा, पंधरा मिनिटांत वास जातो. गेला नाही तर खोली बदलून मागा, कारण मग दोष पाइपात आहे.

गिझर किती लिटरचा ते विचारा. १५ लिटरच्या टाकीत पाणी ६० अंशांपर्यंत तापलं आणि नळाचं पाणी २७ अंशांचं असलं, तर ४० अंशांचं अंघोळीचं पाणी साधारण ३८ लिटर मिळतं. म्हणजे दोन बादल्या. दोन किलोवॉटच्या गिझरला ती टाकी पुन्हा तापवायला सतरा-अठरा मिनिटं लागतात. चौघांच्या कुटुंबाने एकापाठोपाठ एक शॉवर घेतला तर तिसरा गारठणार, त्यात हॉटेलचा दोष नाही. पाण्याचं आणखी एक: पणजीला पाणी ओपाच्या प्रकल्पातून येतं. तिकडे जलवाहिनी बिघडली की शहराचं पाणी तुटतं आणि छोट्या हॉटेलची टाकी दिवसात रिकामी होते. तशी बातमी कानावर आली तर रात्रीच एक बादली भरून ठेवा.

विजेची बटणं आणि प्लग मोजकेच असतात, तेही पलंगापासून लांब. जाड भिंतीतून नवी वायर नेणं सोपं नसतं आणि हा भाग संवर्धन क्षेत्रात असल्यामुळे दर्शनी भागावर हवं ते ठोकता येत नाही. तीन मीटरची एक्स्टेंशन वायर बरोबर ठेवा. त्याच चिऱ्यांमुळे वायफायही दोन भिंतींपलीकडे पोचत नाही. खोलीत बसून काम करायचं असेल तर राउटर कोणत्या मजल्यावर आहे ते विचारून त्याच्या जवळची खोली मागा. वीज गेली की बहुतेक ठिकाणी इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखा चालतात, एसी आणि गिझर नाही.

पलंगाबद्दल उंच माणसांसाठी एक सूचना. जुन्या चौखांबी पलंगाला पायाशीही उंच कोरीव फळी असते आणि आतली लांबी सहा फुटांच्या आसपासच. सहा फूट उंचीचा माणूस त्यात पाय लांब करून झोपू शकत नाही. दोन स्वतंत्र पलंगांची किंवा नव्या पलंगाची खोली मिळते का पाहा.

बुकिंग थेट फोनवर करावं, असं माझं ठाम मत आहे. पैसे थोडे वाचतात ते सोडा, साइटवर तुम्ही 'डिलक्स रूम' घेता आणि फोनवर 'वरच्या मजल्यावरची उजवीकडची' घेता. चार फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा: उघडी खिडकी आतून, पंख्यासकट छत, न्हाणीघराचा उंबरठा, आणि पलंगामागच्या भिंतीचा खालचा कोपरा. कालचे काढलेले मागा. पाठवायला टाळाटाळ झाली तर त्यातच उत्तर आलं. खोलीचा नंबर किंवा नाव बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहून घ्या, तोंडी ठरलेलं गर्दीच्या दिवसांत विसरलं जातं.

दर ७,५०० रुपयांच्या अलीकडे की पलीकडे, यावर जीएसटी बदलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्यावर १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशेच्या फरकाचे जवळपास बाराशे होतात. सांगितलेला दर करासह की कराशिवाय, हे आधी स्पष्ट करून घ्या.

रद्द करण्याचे नियम इथे कडक असतात आणि त्याला कारण आहे. आठ खोल्यांच्या घरात एक खोली रिकामी गेली तर त्या रात्रीच्या खोल्यांपैकी साडेबारा टक्के रिकाम्या. तारीख बदलायची विनंती मात्र बहुतेक ठिकाणी मानली जाते, लवकर कळवलं तर. नोव्हेंबरमध्ये इफ्फी हा चित्रपट महोत्सव, डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी हा कला महोत्सव आणि नाताळ, पुढे कार्निव्हल, या दिवसांत दर चढतात आणि खोल्या दोन-तीन महिने आधी संपतात. ८ डिसेंबरला पणजीच्या मुख्य चर्चचं फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, असतो, तेव्हा चर्चच्या चौकातून गाडी नेणं विसरा. थंडी सरता सरता शेजारच्या मळा या भागातल्या मारुतीरायाची जत्रा भरते. टेकडीच्या पायऱ्यांपासून खालच्या रस्त्यापर्यंत दुकानं लागतात. जत्रा हवी असेल तर याहून चांगला मुक्काम नाही, शांतता हवी असेल तर तेवढे दिवस टाळा.

येण्याचं सोपं आहे. कदंब बस स्थानकावरून खाडीवरचा पूल ओलांडला की चालत दहा-पंधरा मिनिटं. कोकण रेल्वेने आलात तर करमळी जवळचं, साधारण १२ किलोमीटर. थिवी २० आणि मडगाव ३३ च्या घरात. ओला-उबर गोव्यात नाहीत. गोवा माइल्स अ‍ॅप, नाहीतर एकट्याला पाठीवरच्या बॅगेसह 'पायलट', म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी. स्वतःची गाडी गल्लीत नेऊ नका. समोरून दुसरी आली की मागे घ्यायला जागा नसते आणि दारात लावलेली गाडी म्हणजे कुणाचं तरी घर अडवणं. खाडीच्या रस्त्यावर किंवा खाडीपलीकडच्या पाटो भागात लावा आणि सामान चालत न्या. हॉटेलला आधी कळवलं तर माणूस बॅग घ्यायला येतो.

पोचण्याची वेळ कळवणं इथे फार महत्त्वाचं. रिसेप्शनवर चोवीस तास कुणी बसलेलं नसतं. रात्री साडेदहा-अकराला दार बंद होतं, दुपारी एक ते चार वाड्यातली बहुतेक दुकानं आणि थोडे लोकही विश्रांती घेतात. रात्री उशिरा परतणार असाल तर बाहेरच्या दाराची किल्ली मागून घ्या आणि त्या जुन्या कुलपात ती दोनदा फिरवून पाहा, कर्मचारी समोर असतानाच. अशी कुलपं दार किंचित स्वतःकडे ओढल्याशिवाय फिरत नाहीत. ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. अमेरिका-इंग्लंडहून आलेल्या, परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांनी मूळ पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड जवळ ठेवावं. हॉटेलला चोवीस तासांत त्यांची नोंद सरकारी पोर्टलवर करावी लागते.

इथे शेजारी माणसं राहतात, हे मनापासून लक्षात ठेवा. समोरच्या घराची झोपायची खोली तुमच्या सज्जापासून पाच-सहा फुटांवर असते. दोन्ही बाजूंना कडक भिंती आणि मधे अरुंद गल्ली, त्यामुळे रात्री साधं बोलणंही वरच्या खिडकीपर्यंत स्वच्छ पोचतं. दहानंतर सज्जात गप्पा नकोत. दारातले कट्टे त्या घराचे आहेत, फोटोसाठी त्यांवर बसू नये. बऱ्याच घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्या आहेत, त्या वाचा आणि पाळा. लग्नाआधीच्या फोटोंसाठी सकाळपासून दिवे आणि छत्र्या लावणाऱ्यांनी या लोकांना फार त्रास दिला आहे, आणि हॉटेलात राहणारा पाहुणाही त्यांना त्याच गर्दीतला वाटतो. सकाळी भेटलेल्या म्हाताऱ्या माणसाला "देव बरो दीस दिवं" म्हणून मग पुढे चला, चेहरा बदलतो.

रंगांचे फोटो काढायचे तर पावसाळा संपल्यानंतर महिन्याभराने या. पोर्तुगीज काळात पाऊस सरला की घर रंगवायचा नियम होता आणि पांढरा रंग चर्च-चॅपेलांसाठी राखलेला. रंगवायची सवय पुष्कळ घरांनी अजून जपली आहे. पाऊस संपल्या-संपल्या मात्र भिंतींवर शेवाळाचे काळे ओघळ असतात. फिरताना सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलचं दार उघडं दिसलं तर आत जा. तिथला क्रूसावरचा येशू डोळे उघडे असलेला आहे. आधी तो जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता, १८१२ नंतर पणजीत आदिलशहाच्या राजवाड्यात आणि १९१८ मध्ये इथे आला.

न्याहारी साधारण आठ ते दहा. स्वयंपाकघर घरगुती असतं, सामान मोजकं आणतात, त्यामुळे शाकाहार, उपवास, अंडं चालत नाही, हे आदल्या रात्रीच सांगा. सकाळी सांगितलं तर टोस्ट आणि जॅम मिळेल. एखाद्या दिवशी न्याहारी सोडून बाजाराच्या बाजूला चालत जा आणि पाव-पातळभाजी, सुकी भाजी आणि बन खा.

आणि पोदेर, म्हणजे पाववाला. सकाळी साडेसहाच्या सुमाराला सायकलचा भोंपू वाजतो, पों-पों, आधी लांब टेकडीकडे, मग गल्लीच्या तोंडाशी. मागच्या टोपलीवर निळं प्लास्टिक, खाली उंडे, पाव, कांकणं आणि कोंडा लावलेली पोई. पोई हवी असेल तर आदल्या रात्री सुटे पैसे दाराजवळ काढून ठेवा आणि भोंपू ऐकल्याबरोबर खाली उतरा. तो एका दारात मिनिटभरही थांबत नाही आणि पोई सगळ्यात आधी संपते. आणल्या आणल्या मधोमध फाडून लोणी लावा. थंड झाली की ती चिवट होते.